अमर्याद

परवा भाच्याचा फोन आला. त्याची बायको घरी संत्रा बर्फी आणि चिवडा करून विकते. धंदा बरा चाललाय, म्हणून आता त्यांना स्वतःची वेबसाइट हवी आहे.

"मामा, एक कंपनी सापडली. महिन्याला शंभराच्या आत. अनलिमिटेड जागा, अनलिमिटेड बँडविड्थ. तीन वर्षांचे एकदम भरले तर आणखी स्वस्त पडते. भरून टाकू ना?"

मी म्हटलं, "थांब बाबू, घाई नको करू."

"काऊन? काय प्रॉब्लेम हाये?"

या 'काऊन'चं उत्तर मला फोनवर नीट देता आलं नाही. 'अनलिमिटेड' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात बारीकशी कळ येते, आणि त्या कळेला बराच जुना इतिहास आहे. थोडा माझा आणि बराचसा जगाचा. तो इथे लिहून काढतो. भाचा वाचेल न वाचेल, तुम्ही तरी वाचा.

सुरुवात वेबसाइटपासून नाही, पोळीपासून करावी लागेल.

१९९१ साली मी आर्वीहून नागपूरला शिकायला आलो. बजाजनगरात चौघांनी मिळून एक खोली घेतली होती आणि दोन गल्ल्या सोडून एका काकूंकडे मेस लावली होती. दारावर पत्र्याची पाटी : 'पोटभर जेवण'. महिन्याचे पैसे एक तारखेला द्यायचे आणि मग कोणी काही मोजत नसे. आमच्यातला एक जण गावी आखाड्यात जाणारा. आम्ही चार-पाच पोळ्यांत आटोपायचो, तो चौदावर थांबायचा, आणि तेही लाजेखातर. मला काकूंची काळजी वाटायची. एकदा मी त्यांना विचारलंही, की हा असा खातो, तुम्हाला परवडतं कसं?

काकू तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "एक पोट्टा किती खाते ते मी काऊन पाहू? साठ पोट्टे मिळून किती खातात ते पाहाचं."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण पुढे वीस-पंचवीस वर्षांत टेलिफोन, इंटरनेट, वेब होस्टिंग या सगळ्यांत जे जे पाहिलं ते या एका वाक्यात होतं. साठातली दहा-बारा पोरं रोज कुठल्या तरी कारणाने यायचीच नाहीत. शनिवार-रविवारी निम्मी मेस गावी पळायची. पोळ्याला आणि दिवाळीला तर चूलच बंद. मेस चालायची ती न आलेल्यांच्या जिवावर. आलेल्यांना 'पोटभर' मिळायचं ते त्यामुळेच.

आणि पैलवानाचं काय? त्याला कोणी कधी 'पुरे' म्हटलं नाही. फक्त आठव्या पोळीनंतर त्याची पोळी उशिरा यायला लागायची. आधी दोन मिनिटं, मग पाच. ताटात वरण वाळायचं. शेवटी तोच कंटाळून हात धुवायचा. पाटीवरचा शब्द खोटा ठरला नाही आणि कणीकही वाचली. पुढे इंटरनेट कंपन्यांनी हेच केलं तेव्हा त्याला 'फेअर युसेज पॉलिसी' असं भारदस्त नाव दिलं. काकूंनी काही नाव दिलं नव्हतं.

माझ्या पिढीला सगळं मोजून वापरायची सवय होती. एसटीडी बूथमध्ये भिंतीवरच्या डब्यात लाल आकडे पळायचे आणि बोलणारा त्या आकड्यांकडे बघतच बोलायचा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही तासांवर. चित्रं दिसतील असं खातं २५० तासांना १५,००० रुपये, आणि वेग ९.६ केबीपीएस. हे परवडणारा माणूस माझ्या ओळखीत नव्हता. नंतर सायबर कॅफे आले, तिथेही तासाचा हिशेब. घड्याळात पाच मिनिटं उरली की मेल अर्धवट टाकून उठायचं. त्रास होता, पण एक गोष्ट चांगली होती. मर्यादा समोर दिसायची. आपण कुठे आहोत आणि किती उरलंय हे विकणाऱ्याला जेवढं ठाऊक, तेवढंच आपल्यालाही ठाऊक.

अमर्यादचा पहिला मोठा प्रयोग त्याच सुमारास अमेरिकेत झाला. अमेरिका ऑनलाइन ही तिथली सगळ्यात मोठी डायल-अप कंपनी तोवर तासांवर पैसे घ्यायची. डिसेंबर १९९६ पासून तिने महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये हवं तेवढं इंटरनेट द्यायला सुरुवात केली. काकूंना जे कळत होतं ते या कंपनीच्या लक्षात आलं नसावं. तासाचे पैसे होते म्हणून लोक लवकर उठत होते. पैसे गेल्यावर ते उठेनात. एकदा लाइन लागली की ती कोणी सोडेना, कारण सोडली तर पुन्हा लागेल याची खात्री नाही. बाकीच्यांना दिवसचे दिवस एंगेज टोन. जानेवारी १९९७ मध्ये अनेक राज्यांच्या सरकारी वकिलांनी कंपनीला गाठलं आणि तिला ग्राहकांना पैसे परत द्यायचं कबूल करावं लागलं. पैशाची मर्यादा काढून टाकली, तर ती एंगेज टोनमध्ये जाऊन बसली. मर्यादा नाहीशी झाली नाही, तिने फक्त जागा बदलली.

हा जागा बदलण्याचा खेळ आपल्याकडे शेतकऱ्याने फार आधीपासून पाहिलाय. महाराष्ट्रात १९७७ च्या सुमारास शेतीपंपांच्या विजेला मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकारणी सुरू झाली. पंप पाच हॉर्सपॉवरचा असेल तर वर्षाचे ठरावीक पैसे, मग तो दिवसाला एक तास चालवा की वीस. गावोगावच्या विहिरींवर मीटर वाचत फिरायचं कोणी, हा प्रश्न सुटला. पण वीज काही वाढली नव्हती. मग मर्यादा घड्याळात गेली. थ्री फेज यायची ती ठरावीक तासांपुरती, आणि पाळी रात्रीची असेल तर रात्री. आर्वीला माझे मोठे काका थंडीच्या दिवसांत रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जायचे. बांधावर साप, अंगावर घोंगडी. वीज मोजत कोणी नव्हतं. किंमत काकांच्या झोपेतून वळती होत होती. २००४ साली निवडणुकीच्या आधी ही वीज चक्क फुकट झाली आणि २००५ मध्ये फुकटही गेलं. रात्रीची पाळी मात्र कुठेच गेली नाही.

काकांची आठवण यायचं कारण असं, की २००५-०६ नंतर मीही रात्री दोनला उठायला लागलो.

सरकारने २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या केली : किमान २५६ केबीपीएस. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं. त्यातल्या स्वस्त प्लॅनला महिन्याची मर्यादा असायची, पण काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ अनलिमिटेड. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी गजर लावून डाउनलोड चालू केले असतील, हो ना? मी एका रात्री झोप येईना म्हणून गणित मांडलं. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. सहा तासांत २१,६०० सेकंद. एकूण झाले साधारण ६९० मेगाबाइट. म्हणजे रात्रभर, एकदाही लाइन न तुटता, एक सीडी! हे आमचं अमर्याद. चोवीस तासांचा अनलिमिटेड प्लॅन घेतला आणि महिनाभर एक क्षणही न थांबता नळ चालू ठेवला तरी ८३ जीबीच्या वर जाणं गणितानेच अशक्य. कंपनी आकडा लिहीत नव्हती, पण आकडा होताच.

पण हे अमर्याद मला कधी खोटं वाटलं नाही. कारण २५६ हा आकडा छापलेला होता. भागाकार-गुणाकार येणाऱ्या कोणालाही शेवट काढता येत होता. प्रश्न सुरू होतो तो कुठलाच आकडा छापलेला नसतो तेव्हा. आणि ते घडलं वेब होस्टिंगमध्ये.

होस्टिंग म्हणजे काय ते दोन वाक्यांत. तुमच्या वेबसाइटच्या फायली ठेवायला कुठेतरी चोवीस तास चालू असलेला संगणक लागतो, त्यातला एक कोपरा भाड्याने मिळतो. स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये एकाच संगणकावर शेकडो साइट्स भाडेकरू असतात. जाहिरातीतला बँडविड्थ हा शब्दही जरा घोटाळ्याचा आहे. बँडविड्थ म्हणजे खरं तर नळाची जाडी. जाहिरातीत ज्याला बँडविड्थ म्हणतात ते असतं महिन्याभरात त्या नळाखाली भरलेल्या बादल्यांचं मोजमाप.

आता बघा. संगणकाचा नळ १०० एमबीपीएसचा धरू. महिनाभर पूर्ण उघडा ठेवला तर सुमारे ३२ टेराबाइट पाणी येतं. त्याच्याहून एक थेंब जास्त येऊ शकत नाही, जाहिरातीत काहीही लिहा. त्यावर ५०० साइट्स असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ६५ जीबी. हा झाला अमर्यादचा खरा वाटा. पण बहुतेक साइट्स ६५ जीबीच्या पासंगालाही पुरत नाहीत. माझ्या या लेखाएवढा मजकूर घ्या. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, इंग्रजीच्या तिप्पट. तरीही सगळा लेख पन्नास किलोबाइटच्या आसपास. तो दहा हजार लोकांनी वाचला (माझ्या नशिबी हे सुख नाही) तरी अर्धा जीबी. म्हणजे ५०० भाडेकरूंतले ४९० जण चार पोळ्या खाऊन उठणारे. जागा विकताना मग पाचशेऐवजी दोन हजार जणांना विकली तरी चालून जातं.

याला ओव्हरसेलिंग म्हणतात आणि ते गुपित मुळीच नव्हतं. मे २००६ मध्ये ड्रीमहोस्ट या अमेरिकी कंपनीच्या एका संस्थापकाने आपण ओव्हरसेलिंग करतो हे स्वतःच जाहीरपणे लिहिलं आणि ते का चालतं तेही समजावून सांगितलं. काकूंचंच गणित, फक्त इंग्रजीत. मला तो प्रामाणिकपणा आवडला होता. त्या काळात कंपन्या निदान आकडा तरी लिहायच्या. एक म्हणे महिन्याला १०० जीबी, दुसरी म्हणे ५००, तिसरी म्हणे एक टेराबाइट. कोणीच तेवढं वापरणार नव्हतं, त्यामुळे आकडा वाढवायला खर्च शून्य. अशी चढाओढ लागली की तिचा शेवट ठरलेला असतो. सगळ्यात मोठा आकडा कोणता? जो लिहिताच येत नाही तो. थोड्याच वर्षांत स्वस्त होस्टिंगच्या पानांवरून आकडे गेले आणि 'अनलिमिटेड' आलं.

जाहिरातीतून आकडे गेले, पण कंपनीच्या मनातून थोडेच गेले! ते करारपत्राच्या आत उतरले. वेगवेगळ्या कंपन्यांची ही पत्रं मी नंतर चष्मा लावून वाचली. प्रोसेसरचा वेळ किती वापरायचा याला मर्यादा. एका वेळी किती जोडण्या, याला मर्यादा. फायलींची संख्या किती, याला मर्यादा, मग त्या फायली कितीही लहान असोत. गाणी, व्हिडिओ, बॅकअप यांचा साठा करायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी एक कलम : इतर ग्राहकांना त्रास होईल असा वापर होतोय असं कंपनीला वाटलं, तर कंपनी पूर्वसूचना न देता खातं बंद करू शकते. 'कंपनीला वाटलं तर'. या तीन शब्दांपुढे बाकीचं सगळं पत्र फिकं आहे.

ही पत्रं मी 'नंतर' वाचली असं म्हटलं. ते कशानंतर, हे सांगणं भाग आहे.

विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. मुली घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. माझ्या आईची मोठी बहीण, आर्वीची माझी मोठी मावशी, या गाण्यांचं भांडार होती. १९८६-८७ मध्ये माझ्या मोठ्या भावाने टेपरेकॉर्डरवर तिची आणि शेजारच्या बायकांची गाणी भरून ठेवली होती. मध्येच कोणीतरी हसतंय, मागे म्हैस हंबरतेय, अशा त्या चार कॅसेट. मावशी २००८ मध्ये गेली. तिच्या तेराव्याला त्या कॅसेट निघाल्या आणि मी त्या नागपूरला घेऊन आलो. टेप जुनी झालेली, एक कॅसेट तर उतरवून घेता घेताच यंत्रात गुंडाळून तुटली. तरी चौसष्ट गाणी संगणकावर आली. एकेक तीन मेगाबाइटचं. सगळी मिळून दोनशे मेगाबाइटच्याही आत.

२००९ मध्ये मी त्यांची साइट केली. होस्टिंग अर्थातच अनलिमिटेड. (कंपनीचं नाव सांगत नाही. तिच्या जागी दुसरी असती तरी हेच झालं असतं.) अकरा महिने त्या साइटवर दिवसाला पाच-सात माणसं यायची. आणि भाद्रपद पौर्णिमा उजाडली की गर्दी! पुण्यातल्या, बंगळूरच्या, न्यू जर्सीतल्या वैदर्भीय आया आपल्या मुलींना शिकवायला गाणी उतरवून घ्यायच्या. एकीने चार जणींना पत्ता दिला की त्या सोळा जणींना द्यायच्या. २०१० च्या कोजागिरीला आठवडा उरला होता. मी कामासाठी चंद्रपूरला होतो. परत येऊन मेल उघडली तर पत्र : तुमच्या खात्यामुळे सर्व्हरवर ताण येतोय, शिवाय तुम्ही गाण्यांचा साठा केलाय, सबब खातं बंद करण्यात आलं आहे.

मी दोनशे मेगाबाइट ठेवले होते. अमर्याद जागेतले दोनशे मेगाबाइट! पण माझी सरासरी चुकली नव्हती, माझा महिना चुकला होता. वर्षभर मी चार पोळ्याच काय, अर्धी पोळी खाऊन उठणारा भाडेकरू होतो. एका महिन्यात पैलवान झालो. सरासरीवर चालणाऱ्या धंद्याला नेमका हाच माणूस खपत नाही. आणि सण म्हटला की तो असा एकदमच येणार. भुलाबाई काही बारा महिन्यांत वाटून घालता येत नाही.

पत्रव्यवहार झाला. उत्तरं नम्र होती आणि दर वेळी वेगळ्या नावाने होती. फायली परत मागितल्या तर आधी वरच्या दर्जाचं खातं घ्या म्हणाले. मी विचार करण्यात आणि रागावण्यात दिवस घालवले, आणि त्यांची मुदत संपली. खातं पुसलं गेलं.

इथे माझी चूकही सांगतो, नाहीतर हा लेख नुसती तक्रार होईल. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, नागपूरच्या त्या उन्हाळ्यात, माझी हार्ड डिस्क बसली होती. सीडीवर मी त्रेपन्न गाणी काढून ठेवली होती. तुटलेल्या कॅसेटमधली अकरा राहिली होती, आज करू उद्या करू म्हणून. साइटवर आहेत ना, मग झालं. मी 'अमर्याद' वाचलं आणि त्याचा अर्थ 'कायमचं' असा लावला. असं कोणी लिहिलेलंही नव्हतं. पण हा शब्दच तसा आहे. तो आपल्याला बेसावध करतो. पुढे इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये माझ्या साइटची पानं सापडली. अकराही गाण्यांची नावं तिथे आहेत. नावावर टिचकी मारली की काहीच येत नाही.

त्यानंतर अमर्यादच्या इतिहासात मला रस वाटायला लागला. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये अडीच लाख डॉलरला आयुष्यभर पहिल्या वर्गाने हवं तेवढं उडायचा पास विकला होता. शिकागोच्या एका गृहस्थाने १९८७ मध्ये तो घेतला आणि तो खरोखरच उडत राहिला, हजारो वेळा. २००८ मध्ये कंपनीने गैरवापराचा आरोप ठेवून पास रद्द केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोण बरोबर ते बाजूला ठेवू. पण एक क्रम दर वेळी दिसतो. आधी वचन, मग ते वचन खरं धरणारा माणूस, आणि मग तो माणूसच गुन्हेगार.

आपल्याकडे ब्रॉडबँडच्या बाबतीत तरी पुढे काही झालं. जुलै २०१२ मध्ये ट्रायने कंपन्यांना बजावलं, की अनलिमिटेडच्या नावाखाली किती जीबीनंतर वेग कमी होतो आणि किती होतो, ते ग्राहकाला स्पष्ट सांगा. २०१६ मध्ये वेग कमी केला तरी किमान ५१२ केबीपीएस द्या असंही सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं. त्याच्या फुकटच्या ऑफरमध्येही आधी दिवसाला चार जीबी आणि नव्या वर्षापासून दिवसाला एक जीबी असा आकडा होता, त्यापुढे वेग १२८ केबीपीएस. डेटावनच्या निम्मा! पण आकडा होता, आणि गावातली म्हातारीसुद्धा 'आजचा डेटा संपला' असं म्हणायला शिकली. जून २०२२ मधली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं तर म्हणतात, की खालची बारीक टीप वरच्या मोठ्या दाव्याला खोडून काढणारी नसावी, आणि दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत टीप असावी. मला हे वाचून कोण आनंद झाला. काकूंची पाटीही मराठीत होती आणि पोळीचा उशीरही मराठीतच होता.

असो. अमर्याद विकणारे सगळे लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास घ्या. चार किंवा सात दिवस, महाराष्ट्रभर कितीही फिरा. हे अमर्याद मला प्रामाणिक वाटतं, कारण दिवस छापलेले आहेत आणि उरलेली मर्यादा आपलं स्वतःचं अंग सांभाळतं. सरासरीवर धंदा करणं हेही पाप नाही. विमा त्यावर चालतो, मेस त्यावर चालली. स्वस्त होस्टिंग नसतं तर माझ्यासारख्याला साइट काढताच आली नसती, हेही खरंच.

फरक मला एकच दिसतो. आकडा लिहिलेली मर्यादा लहान असली तरी ती आपल्या हक्काची असते. शंभर जीबी लिहिले तर नव्व्याण्णवाव्या जीबीला मला कोणी हात लावू शकत नाही. अमर्याद लिहिलं तर पहिल्या जीबीपासूनच मी कोणाच्या तरी मर्जीवर. आकडा पुसला की ग्राहकाची मर्यादा पुसली जात नाही. विकणाऱ्याची पुसली जाते.

आमच्या पैलवानाची गोष्ट अर्धी राहिली. दिवाळीनंतर एक दिवस काकूंनीच त्याला बोलावलं आणि म्हणाल्या, "हे पाह्य बाबू, तुले उपाशी ठेवणं मले पटत नाही. पन्नास रुपये जास्तीचे देत जा, अन् पाहिजे तेवढं खा." तो आनंदाने द्यायला लागला. पोळी पुन्हा वेळेवर यायला लागली. काकूंना त्याचं तोंड रोज बघायचं होतं, म्हणून त्या बोलू शकल्या. माझं खातं बंद करणाऱ्याने मला कधी पाहिलं नव्हतं. बहुतेक तो माणूसही नसावा, मर्यादा ओलांडली की आपोआप पत्र टाकणारी प्रणाली असावी.

भाच्याला मी शेवटी एवढंच सांगितलं. जिथे आकडा लिहिलाय ते घे, थोडं महाग पडलं तरी. तीन वर्षांचे एकदम भरू नको. आणि दिवाळीच्या आधी त्यांना विचार, की माझ्याकडे एका आठवड्यात वर्षाची गिऱ्हाइकं येतात, तेव्हा काय कराल? उत्तरात आकडा आला तर पैसे भर. आणि सगळ्या फायली आजच्या आज घरच्या डिस्कवर उतरवून ठेव. उद्या नाही, आज.

तो म्हणाला, "मामा, बर्फीचे फोटोच तर हायेत. गेले तर पुन्हा काढू."

ते खरं आहे. बर्फीचे फोटो पुन्हा काढता येतात.

त्रेपन्न गाणी आता एका मोजक्या जागेत आहेत, महिन्याला पन्नास जीबी, एक जीबी जास्त नाही. कोजागिरीच्या महिन्यात मी थोडे पैसे जास्तीचे भरतो, काकूंच्या पैलवानासारखे. ती अकरा कोणाच्या आईला, आत्याला येत असतील म्हणून दर वर्षी विचारत असतो. आर्वीच्याच एका आजींनी त्यातली दोन ओळखली, चालीसकट. मावशी जिथे हसायची नेमकं तिथे त्या हसल्या नाहीत, पण गाणं तेच होतं.

नऊ राहिली आहेत.